डोंगर पाठीशी, वाडी दारात : रायगड किनाऱ्यावरची हवापालट

हवापालट ही मराठी मध्यमवर्गाच्या जगण्यातली एक जुनी व्यवस्था आहे. विषमज्वरासारख्या लांबलेल्या दुखण्यातून उठलेल्या माणसाने किंवा बाळंतपणानंतर खंगलेल्या बाईने काही आठवडे गाव बदलावे, असा सल्ला प्रतिजैविके येण्यापूर्वीच्या काळातले डॉक्टर सर्रास देत. ज्यांची ऐपत असे ते माथेरान-महाबळेश्वर गाठत आणि ज्यांची नसे ते कोकणातल्या मामाकडे किंवा आत्याकडे जाऊन राहत. आज दुखणी बदलली आहेत. झोप उडणे, चिडचिड होणे, कशातच लक्ष न लागणे या तक्रारींना पूर्वीसारखे नेमके नाव नसले, तरी त्यांच्यावरचा उपाय म्हणून शहरी कुटुंबे पुन्हा त्याच दोन वाटांकडे वळताना दिसतात. रायगड जिल्ह्याचे वैशिष्ट्य असे की या दोन्ही वाटा एकाच जिल्ह्यात आहेत.

पहिली वाट माथेरानची. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली हे पठार पाहिले, पुढे तिथे बंगले उठले, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने काढलेली दोन फुटी रेल्वे १९०७ साली नेरळहून वर गेली, आणि मोटारींना मज्जाव असल्यामुळे तिथली शांतता अजून बऱ्यापैकी टिकून आहे. मात्र माथेरानचा बाजार, हॉटेले, घोडे, रस्ते हे सारे पाहुण्यासाठी उभे राहिले. दुसरी वाट किनाऱ्याची. तिथे घर आधीपासून होते, त्याचे काम आधीपासून चालू होते, आणि पाहुणा त्या चालू कामात येऊन राहतो. दारावरच्या पाटीवर ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ एवढेच लिहिलेले असते. शहरात त्यालाच होमस्टे म्हणतात. किनाऱ्यावरची विश्रांती समुद्रातून किंवा डोंगरातून जितकी मिळते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, या चालू कामातून मिळते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विचार आहे.

मुंबईकडून येणाऱ्याला हा किनारा पाण्यावरून गाठता येतो, आणि शक्य असेल तेव्हा तसाच गाठावा. गेटवे ऑफ इंडियावरून अलिबागजवळच्या मांडव्याला जाणाऱ्या लाँच जुन्या आहेत. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. साधारण तासाभराच्या या प्रवासात मुंबईच्या इमारती मागे पडतात आणि पुढे एक गोष्ट स्पष्ट दिसते, जी रस्त्याने येताना वडखळ नाक्यावरच्या वाहनांच्या रांगेत अडकलेल्या प्रवाशाला कधीच दिसत नाही : या किनाऱ्याच्या पाठीशी डोंगर अगदी जवळ उभा आहे. सह्याद्रीची मुख्य रांग पूर्वेला दूर राहते, पण सुटे डोंगर थेट समुद्राच्या अंगावर येतात. अलिबागच्या उत्तरेला कनकेश्वर, पूर्वेला सागरगड, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे मुरूड-रोह्याचे रान, राजपुरीच्या खाडीपलीकडे श्रीवर्धन-म्हसळ्याचे डोंगर अशी ही माळ आहे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये उरलेल्या अरुंद पट्टीत थळ, किहीम, अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा वगैरे गावे येतात, आणि या भागाला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे माड-पोफळीची लागवड, आणि एका घराच्या मालकीचा, बहुधा घराला लागूनच असलेला त्याचा तुकडा म्हणजे वाडी.

अलिबागेत एक वास्तू अशी आहे की जिचा पर्यटनाशी काही संबंध नाही, पण या विषयाशी मात्र फार जवळचा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद एकोणिसाव्या शतकापासून होत असे. शहरात विजेवरच्या ट्राम सुरू व्हायचे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे सूक्ष्म उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होते. म्हणून अलिबागला, लोखंड कटाक्षाने टाळून, नव्या इमारती बांधण्यात आल्या आणि १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. कुलाब्याची आणि अलिबागची मिळून होणारी नोंद ही जगातल्या सर्वांत दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक मानली जाते. शहराच्या खळबळीत अचूकपणा टिकत नाही, हे उपकरणांच्या बाबतीत सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले गेले होते. माणसांच्या बाबतीत ते ओळखायला बराच उशीर झाला.

त्या दृष्टीने किहीमचे उदाहरण मोलाचे आहे. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीत शिक्षण घेऊन १९३० साली परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. हाताला काम नसलेल्या त्या काळात ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, आणि पुढचे काही महिने सालिम अली त्यांच्याकडे पाहत राहिले. नर घरटे अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन ते आतबाहेर तपासते, तिला पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांना तिथे उलगडला. १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या पुढच्या कीर्तीचा पाया ठरला. नोकरी गेलेला माणूस गावी जाऊन बसला, एवढ्याने हे घडले नाही. त्याच्यासमोर रोज काहीतरी चालू होते, ते त्याच्या इच्छेने चालू नव्हते, आणि ते पाहायला त्याला वेळ होता, म्हणून ते घडले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. त्यांच्या मते प्रयत्नपूर्वक एकवटलेले लक्ष थकते, आणि जिथे लक्ष प्रयत्नाशिवाय, सहज गुंतते अशा जागी ते पुन्हा ताजे होते. अशा जागेच्या चार अटी ते सांगतात : नेहमीच्या व्यापापासून सुटका, जागेला स्वतःचा एक विस्तार आणि सुसंगती असणे, सहज वेधून घेणारे काहीतरी असणे, आणि माणसाला जे करावेसे वाटते त्याच्याशी त्या जागेचा मेळ बसणे. नदी, झाडी, ढग यांची उदाहरणे या चर्चेत वारंवार येतात. घरकामाचा उल्लेख क्वचित येतो. आणि नेमकी तीच बाब नागाव-चौलच्या वाडीत सर्वांत ठळकपणे दिसते.

वाडीचे मुख्य काम म्हणजे शिंपणे. पोफळीला पाण्याची ओढ फार असते, म्हणून पावसाळा सरला की पुढचे सात-आठ महिने शिंपणे चालते. पूर्वी विहिरीवर रहाट असे, बैल किंवा रेडा गोल फिरे आणि लोट्यांच्या माळेतून पाणी पन्हळीत पडे. आता बहुतेक ठिकाणी विजेचा पंप आहे, पण पुढची पद्धत बरीचशी तीच राहिली आहे. विहिरीपासून निघालेला पाट वाडीभर फिरतो, त्याला फाटे फुटतात, आणि शिंपणारा माणूस हातातल्या खोऱ्याने मातीचा एक बांध फोडून दुसरा घालत एकेका झाडाचे आळे भरत पुढे सरकतो. आळे भरल्याचे त्याला पाण्याच्या आवाजावरून कळते, खाली पाहावे लागत नाही. पोफळीवर मिरवेल चढलेली असते, मधल्या जागेत केळी, जायफळ, सोनचाफा असतो. नारळ उतरवायचे असतील त्या दिवशी पाडेली येतो, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा कसबी माणूस. आणि त्याच्या खालच्या वाटेने कोणी जाऊ नये म्हणून घरातली मुले ओरडून सांगत राहतात. पाहुणा ओटीवर बसून हे पाहतो. तो नसता तरी हे सारे असेच झाले असते, आणि या जाणिवेत मोठा विसावा आहे, कारण शहरातल्या माणसाच्या थकव्याचा बराच भाग आपल्यावाचून सारे अडेल या समजुतीतून आलेला असतो.

वाडीतल्या गोड्या पाण्याबद्दल इथे सांगणे आवश्यक आहे, कारण या साऱ्या व्यवस्थेचा आधार तेच आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही इथल्या विहिरींना गोडे पाणी असते. पावसाचे आणि डोंगरावरून झिरपून येणारे पाणी वाळूत मुरते, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते त्याच्या वर तरंगत राहते. हा गोड्या पाण्याचा थर मर्यादित जाडीचा असतो. उपसा बेताचा असेल तोवर तो टिकतो, आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढून विहीर आधी मचूळ आणि मग खारट होते. दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणारे घर या मर्यादेत सहज राहू शकते. त्याच जागेवर तरणतलाव आणि पंचवीस स्नानगृहे आली, तर त्याचा परिणाम शेजारच्या वाडीतल्या पोफळींवर दिसू लागतो.

स्वयंपाकघरातही हाच संथ क्रम आढळतो. वालाचे बिरडे हा या भागातला नित्याचा पदार्थ, पण तो पानात येण्याआधी दोन दिवस लागतात. कडवे वाल रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी उपसून फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि मग एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा, म्हणजे साल मागे राहते आणि मोडासकट डाळिंबी पुढे निसटते. दाब जास्त झाला तर डाळिंबीची दोन शकले होतात, कमी झाला तर ती निघतच नाही. दुपारी घरातल्या बायका ओटीवर परात घेऊन बसतात तेव्हा पाहुणे मंडळीही हात लावतात, आणि तासभर मोबाइल कुठे आहे याची कोणाला आठवण राहत नाही. कॅप्लन दांपत्याच्या चारही अटी या परातीभोवती पूर्ण होतात. याच ठिकाणी हेही स्पष्टपणे नोंदवले पाहिजे की पाहुण्याला तासाभराची गंमत वाटणारे हे काम घरातली बाई रोज करते, आणि किनाऱ्यावरची सारी घरगुती सोय तिच्या कष्टांवर उभी आहे. खोलीच्या भाड्याची घासाघीस करणाऱ्या पाहुण्याने निदान जेवणाच्या पैशांत ती करू नये.

थंडीत आलेल्यांना पोपटी मिळते. वालाच्या शेंगा भरल्या की, साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत, कापणी झालेल्या शेतात हा बेत होतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा, म्हणजे शेताच्या कडेने उगवणाऱ्या एका उग्र वासाच्या रानझाडाचा, पाला घालतात. त्यावर जाडे मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये अंडी, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, बटाटे आणि पुन्हा शेंगा असे थर देऊन तोंड त्याच पाल्याने घट्ट बंद करतात. मग मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवतात. आत पाण्याचा थेंब घातलेला नसतो. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते. झाले की नाही हे पाहण्यासाठी मडक्यावर पाणी शिंपडतात, आणि ते चुर्र करून क्षणात उडाले तर जाळ बाजूला करतात. पोपटी एकट्यादुकट्याची होत नाही. मडके लावायला, पेंढा आणायला, जाळ राखायला आणि शेवटी शेंगा सोलायला माणसे लागतात, म्हणून त्या रात्री पाहुणे आणि घरची माणसे एकाच वर्तुळात बसलेली असतात.

खऱ्या अर्थाने डोंगरावर राहायचे असेल, तर सागरगडाची वाट धरावी. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या खंडाळे गावातून ही वाट चढते. डाव्या-उजव्या बाजूला भातखाचरे आणि त्यानंतर पांढऱ्या कांद्याची शेते लागतात. अलिबागच्या या गोडसर कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेले असून, भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीचा फायदा घेऊन तो लावतात आणि पातीसकट वेण्या घालून विकतात. वर चढताना पावसाळ्यात धोंदाण्याचा धबधबा समोर येतो, त्याच्यावर सिद्धेश्वराचे ठिकाण, आणि त्याच्याही वर पठारावर सागरगड माची ही वस्ती. इथल्या घरांत आधी सांगून ठेवले, तर गडावर येणाऱ्यांच्या जेवणाची सोय होते. ती सोय अगदी साधी असते : तांदळाची भाकरी, एखादी भाजी किंवा कोंबडी, सारवलेल्या जमिनीवर चटई. सागरगड हा १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. त्याच्या टोकावरून खाली अलिबागची हिरवी पट्टी, तिथलाच कुलाबा किल्ला आणि समुद्र एका नजरेत मावतात. खालच्या गावात शनिवारी रात्री वाजणारी गाणी इथवर पोहोचत नाहीत. उत्तरेचा कनकेश्वरही असाच, मापगावाकडून दगडी पायऱ्यांनी चढायचा. नागोबाचा टप्पा आणि गायमांडी या विसाव्याच्या जागांवर चढणारा प्रत्येक जण थांबतोच, आणि त्या जागा योजणाऱ्यांना माणसाचा दम कुठे लागतो याची पक्की जाण होती हे तिथे बसल्यावर पटते.

कुंडलिकेची खाडी ओलांडून साळावच्या पुलाने दक्षिणेला गेले की डोंगर आणखी दाट होतो. काशिदच्या किनाऱ्यावरच्या गर्दीत वेळ घालवण्याचे कारण नाही. तिथून आत, सुपेगावच्या बाजूला, फणसाडचे अभयारण्य आहे. जंजिऱ्याच्या नवाबांनी शिकारीसाठी राखलेले हे रान १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. समुद्राच्या इतक्या जवळ एवढे सलग जंगल पश्चिम किनाऱ्यावर आता फार ठिकाणी उरलेले नाही. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी ही इथली झाडे. अंजनी फुलते तेव्हा तिच्या फांद्या निळ्या-जांभळ्या गुच्छांनी भरून जातात. झाडांवरून लोंबणारी गारंबी हा अजस्र वेल आणि त्याच्या हाताएवढ्या शेंगा पाहून शहरी मुले थक्क होतात. रानातल्या पाणवठ्यांना इथे गाण म्हणतात, आणि उन्हाळ्यात चिखलगाण किंवा फणसाडगाणापाशी शांत बसून राहिले तर भेकर, सांबर किंवा निदान शेकरू दिसण्याची शक्यता असते. शेकरू म्हणजे झाडांच्या शेंड्यांवर राहणारी मोठी, तांबूस खार. ती महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तिचे खडखडीत ओरडणे आधी ऐकू येते आणि मग बराच वेळ मान वर करून शोधावे लागते. सुपेगावात राहणाऱ्याचा दिवस या पाणवठ्यांच्या वेळांप्रमाणे ठरतो, पहाटे आणि संध्याकाळी जाग, दुपारी झोप, आणि दोन दिवसांत शरीर तो क्रम विनातक्रार स्वीकारते.

या किनाऱ्याला ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाचा तडाखा बसला. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड आणि अलिबाग परिसरातल्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. जाड सोटाचे माड मुळासकट उपटले गेले आणि पोफळी तर मधूनच मोडल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या झाडांवर येत होती त्यांतली कित्येक दोन-तीन पिढ्यांची होती. करोनाच्या टाळेबंदीमुळे पाहुणे आधीच बंद होते, आणि आता वाडीही गेली. पोफळीची नवी रोपे लावल्यापासून हाती उत्पन्न यायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. अशा वेळी ज्या घरांनी सावलीसाठी केळी घालून पुन्हा पोफळी लावल्या, त्यांनी केलेल्या गोष्टीचे मोल पर्यटनाच्या कोणत्याही अहवालात मोजले जात नाही. ज्यांनी तो धीर सोडला त्यांची जमीन विकत घ्यायला गिऱ्हाईक तयारच होते, कारण मुंबईच्या इतक्या जवळ समुद्रालगतचा तुकडा रिकामा राहत नाही.

घरगुती निवास टिकण्याची खरी अडचण इथे आहे. केंद्र सरकारच्या ‘इनक्रेडिबल इंडिया’ न्याहारी-निवास योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट घातलेली आहे, आणि ती अट वरवर किरकोळ वाटली तरी साऱ्या कल्पनेचा गाभा तीच आहे. मालक मुंबईत आणि घरात फक्त व्यवस्थापक, अशी बंगलेवजा घरे किनाऱ्यावर झपाट्याने वाढत आहेत. त्यांनाही होमस्टे म्हटले जाते, पण तिथे ना शिंपणे आहे, ना वालाची परात, आणि पाहुण्यांची करमणूक ध्वनिवर्धकावर सोपवलेली असते. मुंबईहून समुद्रावरून या बाजूला येणाऱ्या अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले, रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्गही आकार घेतो आहे, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढणार हे निश्चित. गावकऱ्यांनी रस्ता नाकारावा असे म्हणण्याचा अधिकार शहरातून येणाऱ्या कोणालाही नाही. दवाखाना आणि कॉलेज गाठण्यासाठी त्यांना तो हवाच आहे. मात्र येणाऱ्याने कुठे उतरायचे, हा निर्णय त्याच्या हाती आहे, आणि घर निवडताना खोलीच्या छायाचित्रांआधी वाडी अजून शिंपली जाते का आणि घरात कोण राहते, एवढे दोन प्रश्न फोनवर विचारले तर निवड फारशी चुकत नाही.

ऋतूचा विचारही करावा लागतो. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, समुद्रात उतरणे धोक्याचे असते, मासेमारी थांबलेली असल्याने ताजी मासळी अभावानेच मिळते, आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा निघू लागतात. तरीही डोंगरावर राहण्यासाठी हेच दिवस उत्तम आहेत, विशेषतः पेरणी-लावणीची घाई उलगडल्यानंतरचे, जेव्हा घरच्या माणसांनाही पाहुण्याशी बोलायला थोडी सवड असते. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परतणाऱ्याच्या वाट्याला रस्त्याचाच शीण अधिक येतो. सोमवारी किनारा रिकामा होतो, घरातली माणसे स्वतःच्या लयीत परत येतात, आणि भिजून मोड यायला दोन दिवस लागणारे वाल परातीत पडेपर्यंत तिथे थांबायला जमेल, अशाच बेताने सुट्टी काढलेली बरी.